२० रुपये आणि कैद्याचं ताट

(हे या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. सगळे निघालेले नाहीत.)

लोकलमध्ये किंवा बसमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवून घ्या, कारण आज आकडे बरेच आहेत. घाबरू नका, लक्षात ठेवायचा एकच आहे. वीस. २० रुपये.

१८७६ साली मुंबईत एका सभेपुढे एक निबंध वाचला गेला. नाव होतं 'पॉव्हर्टी ऑफ इंडिया'. त्यात हिशेब मांडला होता की ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानात दर माणशी उत्पन्न सरासरी २० रुपये आहे. महिन्याचं नाही, वर्षाचं. निबंध वाचणारा माणूस म्हणजे दादाभाई नौरोजी. शाळेत आपण त्यांना दोन मार्कांपुरते वाचलेत. भारताचे पितामह, आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त, चला पुढचा प्रश्न.

आता मला सांगा, वर्षाला २० रुपये म्हणजे नक्की किती? कमी हे कळतं. पण किती कमी? उपासमार होईल इतके कमी, की त्या काळच्या स्वस्ताईत निभेल इतके? आपल्याला सांगता येत नाही. गंमत म्हणजे, हा आकडा ज्यांच्या गळी उतरवायचा होता त्या लंडनच्या खासदारांनाही सांगता येत नव्हतं. त्यांना चाळीस शिलिंग कळायचे, पण चाळीस शिलिंगांत नाशिकचा शेतकरी कसा जगतो हे कुठून कळणार?

आमच्या आयटीच्या जगात ज्याला 'डेटा स्टोरीटेलिंग' म्हणतात ना, ते इथून सुरू होतं असं माझं मत आहे. हल्ली त्याचे कोर्स निघालेत. त्यात काय शिकवतात, तर पाय चार्ट वापरू नका, रंग कमी वापरा, स्लाइडवर मजकूर कमी ठेवा. चांगलं आहे, कामाचं आहे. पण ती सगळी सजावट. मी ज्या टीममध्ये काम करतो तिथे आम्ही कंपन्यांना डॅशबोर्ड बनवून देतो, आणि गेल्या वर्षी एका क्लायंटने आमच्याकडून अठ्ठावीस चार्टांचा डॅशबोर्ड करून घेतला. लॉग बघितले तर महिन्याभरात तो कोणी उघडलाच नव्हता. एक्सेल फाइल मात्र रोज मेलवर फिरत होती. का? कारण अठ्ठावीस चार्टांपैकी एकही 'मग काय?' या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता.

दादाभाईंच्या २० रुपयांना 'मग काय?'चं उत्तर होतं. ते कसं आलं, ती आजची गोष्ट.

आधी माणूस बघू, कारण माणसामुळेच हे घडलं. दादाभाई मुळात गणिताचे. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक, आणि त्या संस्थेत हे पद मिळवणारे पहिले भारतीय. १८५५ साली सगळं सोडून लंडनला गेले ते व्यापारासाठी, कामा अँड कंपनीत भागीदार म्हणून. अफू आणि दारूच्या धंद्यातला पैसा नको म्हणून तिथून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये स्वतःची पेढी काढली. धंदा कापसाचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेलच. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. दादाभाईंची पेढीही त्या फटक्यातून वाचली नाही.

म्हणजे या माणसाकडे दोन गोष्टी होत्या. वर्गात फळ्यावर गणित समजावण्याची सवय, आणि आलेल्या-गेलेल्या मालाची वही वाचण्याची सवय. मला विचाराल तर दुसरी जास्त महत्त्वाची.

आता समोरची बाजू काय म्हणत होती? सरकारचं म्हणणं साधं होतं. रेल्वे वाढतेय, निर्यात वाढतेय, महसूल वाढतोय, म्हणजे हिंदुस्थानची भरभराट होतेय. आजच्या भाषेत, ग्राफ वर चाललाय. आणि तो खरंच वर चालला होता, आकडे खोटे नव्हते. पण १८६६ च्या ओरिसाच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. एकीकडे वर जाणारा ग्राफ आणि दुसरीकडे हे. दोन्ही एकाच देशात एकाच वेळी खरं कसं असू शकतं?

दादाभाईंनी इथे एक फार हुशारीची गोष्ट केली. स्वतःचा डेटा गोळा करायच्या फंदात ते पडलेच नाहीत. (तेव्हा एका माणसाला ते शक्यही नव्हतं म्हणा.) त्यांनी सरकारचेच अहवाल घेतले. प्रांतांचे वार्षिक प्रशासकीय अहवाल, पार्लमेंटपुढे ठेवलेली 'ब्लू बुकं', जमिनीचे तक्ते, पिकांचे भाव. उद्या कोणी म्हणालं की तुमचे आकडे चुकीचे आहेत, तर उत्तर तयार: आकडे तुमचेच आहेत, साहेब.

पण सरकारी डेटा म्हणजे सरकारी डेटा. उघडून बघितल्यावर त्यात घाण निघाली. एका प्रांताचं सरासरी एकरी उत्पादन काढायचं तर अहवाल लिहिणारे काय करायचे, सगळ्या जिल्ह्यांचे आकडे घ्यायचे, बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं. झाली सरासरी! कुठल्या जिल्ह्यात पेरा किती, हे बघायचंच नाही.

एक उदाहरण देतो. यातले आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. समजा एका जिल्ह्यात दहा लाख एकरांवर गहू आहे आणि एकरी ४०० शेर पिकतो. दुसऱ्या जिल्ह्यात फक्त दहा हजार एकर आहेत, पण पाण्याखालची जमीन, एकरी १२०० शेर. सरकारी पद्धतीने सरासरी किती? ४०० अधिक १२०० भागिले दोन, म्हणजे ८००. आणि खरी सरासरी? सगळं धान्य मोजा, सगळ्या एकरांनी भागा. साधारण ४०८. जवळपास दुप्पट फुगवटा, आणि तोही कोणी खोटं न लिहिता.

दादाभाईंनी ही चूक पकडली आणि अहवालामागून अहवालात दाखवली. गणिताचे प्राध्यापक ते, सोडतील कसे! आज कुठल्याही डेटाच्या इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न विचारतात आणि निम्मे लोक त्यात अडकतात. 'भारित सरासरी' हा शब्द दहावीला असतो, पण ऑफिसात समोर आला की ओळखू येत नाही.

मग त्यांनी प्रांताप्रांताचा हिशेब नव्याने केला. मुख्य पिकं घ्यायची, पेऱ्याखालची जमीन, एकरी उत्पादन, भाव. गुणाकार. त्यात मीठ, अफू, कोळसा, व्यापार, कारखानदारी यांची भर. आणि सगळ्यात शेवटी, आपल्या हातून काही राहून गेलं असेल म्हणून वरती तीन कोटी पौंड अजून टाकले. टाकलेच, फुकटात! बेरीज झाली ३४ कोटी पौंड. लोकसंख्या १७ कोटी. भागाकार तोंडी करता येतो: माणशी दोन पौंड. तेव्हा एक पौंड म्हणजे ढोबळमानाने दहा रुपये. झाले २० रुपये.

ते तीन कोटी पौंड लक्षात ठेवा. संशय आला तिथे त्यांनी आकडा सरकारच्या बाजूने झुकवला. हंगाम धरला तोही चांगला. वाद घालणाऱ्याला म्हणायला जागाच ठेवायची नाही की तुम्ही मुद्दाम कमी दाखवलंय. आपण प्रेझेंटेशनमध्ये नेमकं उलटं करतो. आपल्या मुद्द्याला सोयीचा महिना निवडतो, ग्राफचा खालचा अक्ष शून्याऐवजी ऐंशीपासून सुरू करतो, आणि समोरच्या फायनान्सवाल्याने पहिल्या मिनिटाला ते पकडलं की पुढची एकोणतीस मिनिटं तो आपल्याला हसत असतो.

बरं, आकडा आला. तरी प्रश्न तोच, २० रुपये म्हणजे किती?

आता येतंय कैद्याचं ताट.

सरकारचा असा एक विभाग होता जिथे माणसाला जगायला किती लागतं याचा पैन् पै हिशेब ठेवलेला असायचा. तुरुंग. कैद्याला रोज धान्य किती, डाळ किती, मीठ किती, वर्षाला कपडे किती, आणि त्याचा खर्च किती, हे सगळं दरवर्षी प्रांताप्रांताच्या अहवालात छापून यायचं. दादाभाईंनी ते अहवाल काढले आणि शेजारी शेजारी दोन रकाने मांडले. एकात प्रांतातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न. दुसऱ्यात त्याच प्रांतातल्या कैद्याच्या अन्न-कपड्याचा खर्च.

बहुतेक ठिकाणी कैद्याचा रकाना मोठा निघाला.

म्हणजे बघा, चोरी करून आत गेलेल्या माणसाला सरकार जेवढं खायला घालतं, तेवढंसुद्धा बाहेरच्या सरासरी माणसाच्या वाट्याला येत नाही. तेही चांगल्या हंगामात, सगळं पीक सगळ्यांत सारखं वाटून दिलं तर! आणि सारखं वाटलं जात नाही हे दादाभाईंनीही नोंदवलंय. वरच्या वर्गाचा मोठा वाटा त्याच सरासरीत आहे, म्हणजे खालच्याला २० सुद्धा नाहीत.

मला या तुलनेचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं की ती कोणालाही करता आली असती आणि केली एकानेच. दोन्ही आकडे सरकारी कपाटात होते, फक्त वेगवेगळ्या खणांत. शेतीचा अहवाल शेती खात्याचा माणूस वाचायचा, तुरुंगाचा अहवाल तुरुंगाचा माणूस. आजच्या भाषेत दोन टेबलं होती, त्यांना जोडणारी क्वेरी कोणी लिहिलीच नव्हती.

शिवाय तुलना निवडली कुठली? इंग्लंडमधल्या मजुराच्या उत्पन्नाशीही करता आली असती, पण तिथे लगेच उत्तर आलं असतं की तिथली थंडी वेगळी, गरजा वेगळ्या, भाव वेगळे. कैद्याच्या बाबतीत यातलं काहीच म्हणता येत नाही. तो त्याच प्रांतातला, त्याच भावाचं खाणारा, आणि त्याचे लाड होतात असं कुठलाही अधिकारी म्हणणार नाही. हा तळ सरकारनेच ठरवलेला होता.

तुरुंगाच्या जोडीला त्यांनी आणखी एक माप वापरलं. त्या काळात कलकत्त्याहून मजूर जहाजाने परदेशी मळ्यांवर पाठवले जायचे. त्यांना वाटेत काय खायला द्यायचं याचं प्रमाण सरकारी डॉक्टरने ठरवून दिलं होतं. तांदूळ, डाळ, थोडं मटण, भाजी, तूप, मोहरीचं तेल, मीठ. आणि हे प्रमाण कोणासाठी? जहाजावर नुसतं बसून असलेल्या माणसासाठी. नांगर धरणाऱ्याचं सोडाच. दादाभाईंनी दाखवून दिलं की त्या मापाने जगायचं तरी २० रुपये कुठल्या कुठे कमी पडतात. आणि त्यात लग्न नाही, सण नाही, आजारपण नाही, म्हातारपणाची सोय नाही, बियाण्याचं कर्ज नाही.

हे सगळं १८७६ च्या सुरुवातीला मांडलं गेलं. त्याच वर्षी दख्खनमध्ये आणि मद्रासकडे पावसाने दगा दिला.

इथे मी जरा थांबतो, कारण पुढचा भाग ऐकायला जड आहे. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळात लाखो लोक मेले. सरकारने दुष्काळी कामं काढली, आणि खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून रिचर्ड टेम्पल यांना तपासणीला पाठवलं. त्यांनी मजुरी ठरवली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत, वर आणा-अर्धा आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा कमी धान्य, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला जाहीर हरकत घेतली की इतक्यावर काम करणारा माणूस टिकणार नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला निवेदनांमागून निवेदनं पाठवली. दख्खनमधल्या मजुरांनी या कमी मजुरीवर आणि लांबच्या छावण्यांवर जायला नकार दिला. पुढे मद्रासकडे मजुरी वाढवावी लागली.

वाद नेमका कशावर होता ते लक्षात आलं का? माणसाला जगायला किती लागतं, यावर. तोच प्रश्न दादाभाईंनी वर्षाच्या सुरुवातीला टेबलाच्या दोन रकान्यांत मांडला होता. 'पुरेसं' म्हणजे किती, ही गोष्ट धान्याच्या वजनात ठरत होती आणि ते वजन चुकलं की माणसं मरत होती.

आता व्यापाऱ्याच्या वहीकडे येऊ. २० रुपये इतके कमी का, याचं उत्तर दादाभाईंनी तिथून काढलं.

सरकार म्हणायचं निर्यात आयातीपेक्षा जास्त आहे, म्हणजे उत्तम. आजही बातम्यांत असंच ऐकतो ना आपण. पण दादाभाई कापसाचे व्यापारी. व्यापारी कसा विचार करतो? मुंबईहून मी १०० रुपयांचा कापूस लिव्हरपूलला पाठवला, तर माझ्याकडे १०० अधिक नफा परत आला पाहिजे. मालाच्या रूपात येवो, सोन्या-चांदीच्या रूपात येवो, पण आला पाहिजे. दरवर्षी मी शंभरचा माल पाठवतोय आणि ऐंशीचाच परत येतोय, तर माझा मुनीम पेढे वाटणार नाही. तो विचारेल, शेठ, बाकीचे जातात कुठे?

दादाभाईंनी १८३५ ते १८७२ या काळातले आयात-निर्यातीचे आकडे घेतले आणि हाच प्रश्न आख्ख्या देशाच्या वहीला विचारला. फरक जात होता निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनमध्ये, इथल्या पगारातून घरी पाठवलेल्या पैशांत, रेल्वेसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात, लंडनच्या इंडिया ऑफिसच्या खर्चात. पैसा बाहेर चालला होता आणि त्याच्या बदल्यात इथे काही येत नव्हतं. सरकार ज्याला भरभराटीची खूण म्हणत होतं, तीच दादाभाईंच्या वाचनात गळतीची खूण ठरली. आकडे तेच. फक्त वही वाचणारा बदलला.

याला त्यांनी इंग्रजीत नाव दिलं 'ड्रेन'. गटार नव्हे हं, निचरा. रक्ताचा निचरा. ही रक्ताची प्रतिमा ते आयुष्यभर वापरत राहिले. पुढच्या लिखाणात तर त्यांनी अशी मांडणी केली की पूर्वीचे आक्रमक घाव घालून निघून जायचे, जखम कालांतराने भरायची. हा घाव मात्र शास्त्रशुद्ध आहे, दिसत नाही आणि भरतही नाही. आता हे वाक्य तक्त्याशिवाय आलं असतं तर त्याला भाषणबाजी म्हणून सोडून दिलं असतं. आणि वाक्याशिवाय नुसता तक्ता आला असता तर... तेही झालंच म्हणा. १८७३ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी गरिबीवरची टिपणं दिली होती. अहवालात ती छापलीच गेली नाहीत.

म्हणजे पहिला प्रयत्न फुकट गेला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण स्टोरीटेलिंगच्या कोर्समध्ये असं भासवतात की एक चांगली स्लाइड दाखवली आणि बोर्डरूम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. दादाभाईंनी हा एकच मुद्दा जवळजवळ चाळीस वर्षं मांडला. १८८० मध्ये पंजाबचा हिशेब पीकवार करून इंडिया ऑफिसला पाठवला, तिथल्या अधिकाऱ्याने खोडून काढायचा प्रयत्न केला, दादाभाईंनी ओळीओळीला उत्तर दिलं. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले, फेरमोजणीत मताधिक्य उरलं तीन मतांचं! आणि तिथेही हेच. सगळं लिखाण १९०१ मध्ये 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' या जाडजूड ग्रंथात एकत्र आलं.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. सरकारला स्वतःचा आकडा काढावा लागला. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी माणशी २७ रुपये असा अंदाज दिला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन म्हणाले ३०. त्याच सुमारास विल्यम डिग्बी या इंग्रज लेखकाने उलटा हिशेब करून आकडा १८ च्या आसपास आणला. वाद कसला चाललाय बघा, २० खरे की २७? म्हणजे 'रेल्वे किती मैल झाली' हा प्रश्न बाजूला पडला आणि 'माणसाच्या वाट्याला काय येतं' हा प्रश्न मधोमध आला. आणि २७ मान्य केले तरी बऱ्याच प्रांतांत कैद्याचं ताट तिथेच होतं, त्याहून वर.

दादाभाईंचा आकडा अचूक होता का? आजच्या मापाने कच्चा होता. त्या काळी पेऱ्याची आणि उत्पादनाची नोंदच धड नव्हती. शिवाय सेवा, म्हणजे न्हावी, शिक्षक, गाडीवान यांची कमाई ते उत्पन्नात धरत नव्हते. फक्त पिकलेला आणि बनवलेला माल. ड्रेन नक्की किती होता, यावर इतिहासकार अजून भांडतात. व्याजाच्या बदल्यात रेल्वे मिळाली ना, मग तो सगळा निचरा कसा, असाही युक्तिवाद आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही.

एक आक्षेप मला यापेक्षाही मोलाचा वाटतो. सरासरी देशाची काढली की देशातली उतरंड झाकली जाते. पैसा लंडनला जातो हे खरं, पण गावात सावकार, कुलकर्णी आणि कचेरीतला कारकून शेतकऱ्याकडून काय काढून घेतात, ते २० रुपयांत दिसत नाही. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, तो नेमका तिथे बोट ठेवतो. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. फुले तिथे गेले ते शेतकऱ्याच्या वेषात, आणि पाहुण्याला सांगितलं की इथे दागिन्यांनी मढलेले लोक दिसताहेत ती खरी प्रजा नव्हे. एकही आकडा नाही. पण सरासरीत जो दिसत नाही तो माणूस त्यांनी थेट हॉलमध्ये उभा केला. मला विचाराल तर दादाभाईंचा तक्ता आणि फुल्यांचा पोशाख एकत्र वाचले पाहिजेत. शाळेत ते वेगवेगळ्या धड्यांत असतात.

आकडे पुढे कसे गेले तेही थोडं सांगतो. पुण्यातून गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये लंडनला गेले आणि हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. हेही गणिताचे मास्तर, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेले. त्यांच्यामागे आकड्यांची तयारी करून देणारे होते गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी शाळेत शिकवणारे. आणि कमिशनवर सदस्य म्हणून कोण बसले होते? दादाभाई.

पण हे सगळं इंग्रजीत, कमिशनांपुढे, साहेबांसाठी. बाजारातल्या माणसाला कोण सांगणार?

ते काम केलं सखाराम गणेश देऊस्कर यांनी. नाव मराठी, घर मराठी, पण जन्म आणि आयुष्य देवघरच्या बाजूला, म्हणजे आजच्या झारखंडात आणि बंगालमध्ये. पत्रकार माणूस. १९०४ मध्ये त्यांनी बंगालीत पुस्तक लिहिलं, 'देशेर कथा'. बंगालीत 'कथा' म्हणजे बोलणं, गोष्ट. दादाभाई, डिग्बी आणि इतरांनी काढलेले हिशेब साध्या बंगालीत आले. विणकराचं काय झालं, शेतकऱ्याचं काय झालं, पैसा कुठे गेला. पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ पेटली. पुस्तक हातोहात गेलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. बाबूराव विष्णू पराडकर, बनारसच्या मराठी घरातले, त्यांनी ते हिंदीत आणलं, 'देश की बात'.

१९१० मध्ये सरकारने 'देशेर कथा'वर बंदी घातली. दादाभाईंचा ग्रंथ लंडनमध्ये छापलेला, तेच हिशेब त्यात तक्त्यांसकट होते. त्यावर काही झालं नाही.

दादाभाईंचं पुस्तक आता कॉपीराइटच्या बाहेर आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. सगळं वाचू नका, आठशे गावांचे तक्ते वाचल्यासारखं वाटेल. सुरुवातीलाच 'पॉव्हर्टी ऑफ इंडिया' आहे, त्यातला तुरुंगाचा तक्ता तेवढा शोधा. मुंबई प्रांताची ओळ बघा. आणि काय वाटलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन ऐकवीन.